बेल-भंडारा उचलल्यावर

बयाबाईंनी आपल्या मरणाची तयारी इतकी चोख करून ठेवली होती, की घरच्यांना त्यात काही सुचवायला जागाच उरली नव्हती. अंगावर नेसवायचं लुगडं कोणतं, ते कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे, दहाव्याला नाशकात गंगेवर कोणी यायचं आणि त्या दिवशी भाजी कोणाला अजिबात करू द्यायची नाही, हे सगळं ठरलेलं. वय ऐंशीकडे झुकलेलं, पण पाय आणि जीभ दोन्ही धडधाकट. अधूनमधून त्या ते लुगडं बाहेर काढायच्या, उन्हात घालायच्या, कसर लागली नाही ना ते पाहायच्या, आणि पुन्हा घडी करून ठेवलं की समाधानानं चहा मागायच्या. नवीन आलेल्या नातसुनेला, सायलीला, पहिल्यांदा हा प्रकार पाहून रडू आलं होतं. आता तीच विचारायची, "आजी, लुगड्याला इस्त्री करून ठेवू का?"

बयाबाईंचा मुलगा खंडेराव दिंडोरी तालुक्यातला बरा बागायतदार. द्राक्षं, थोडे टोमॅटो, पन्नाशी उलटलेली, अंगानं आडवा आणि स्वभावानं सरळ. गावात त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. हा माणूस शब्द फिरवत नाही. बांधाचं भांडण असो की सोयरिकीची बोलणी, खंडेराव मध्ये असला की लोक निर्धास्त असायचे. त्यामुळं त्याचं स्वतःचं नुकसान किती वेळा झालं ते त्याची बायको मोहिनी सांगू शकली असती, पण ती बिचारी सांगून सांगून दमली होती.

तर अशा माणसाकडून बयाबाईंनी गेल्या चंपाषष्ठीला शपथ घेतली.

त्याचं कारण पुतळाबाई. बयाबाईंची पाठची बहीण. दिवाळीच्या आधी तिला अर्धांगाचा झटका आला आणि शहरातल्या एका दवाखान्यात ती आठवडेच्या आठवडे मशीनवर पडून राहिली. घशात नळी, आणि ती नळी ओढू नये म्हणून दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले. बयाबाईंना काचेतून तेवढं दिसलं. पुतळाबाई गेली ती तशीच, एका पहाटे, जवळ घरचं कोणी नसताना.

चंपाषष्ठीला सगळा गोतावळा घरी जमला होता. तळी उचलून झाली, येळकोट झाला, वांग्याचं भरीत आणि रोडग्यांची ताटं वाढली गेली. तेवढ्यात बयाबाई देवघरासमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "खंडू, इकडं ये. बेल-भंडारा उचल."

"कशापायी आई?"

"मला कधीच मशीनवर टाकणार नाय म्हण. माझ्या पुतळीचं केलं तसं माझं नाय करायचं."

"अगं, आज सणाच्या दिवशी..."

"उचल म्हणते ना."

खंडेरावानं बेलाच्या पानावर भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि तिनं सांगितलं ते शब्दाला शब्द म्हटलं. खंडोबासमोर बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे काय, हे त्या घरात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. भरीत गार होऊन गेलं. खंडेरावाची थोरली बहीण रंगूबाई, नाशकातच द्वारकेजवळ दिलेली, ती डोळे पुसत म्हणाली, "आई, मी साक्षीला हाय." बयाबाई मात्र एकदम मोकळ्या झाल्या आणि दोन रोडगे जास्त जेवल्या.

पुढं वर्ष सरत आलं. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली. सायलीचा नवरा शेखर टोमॅटोची गाडी घेऊन सुरतेकडे गेलेला, मोहिनी मजुरांच्या मागे बागेत. घरावर सौर बंब बसवून दोन वर्षं झाली होती, पण बयाबाईंना ते पाणी "पांचट" लागायचं. त्यांच्या आंघोळीचं पाणी मागच्या चुलीवर गोवऱ्यांनीच तापायचं. सकाळी त्या गोवऱ्यांच्या ढिगाकडे गेल्या, हात घातला आणि ओरडल्या. सायली धावली तेव्हा ढिगावर फणा उभा होता. तिनं आजींना मागं ओढलं, आणि नाग गोवऱ्यांत गेला.

सायलीचं डोकं त्या वेळी कसं चाललं, याचं खंडेरावाला नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. खरं तर नवल वाटायला नको होतं. मागच्या पावसाळ्यात शेजारचा तरणाताठा माणूस विष उतरवणाऱ्याच्या दारात बसून बसून गेला होता. तेव्हाच सायलीनं आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना गाठून सगळं विचारून घेतलं होतं आणि घरात पाठ म्हणून दाखवलं होतं. सगळे हसले होते. आता तिनं आजींना ओट्यावर आडवं केलं, डसलेल्या उजव्या हातातल्या पाटल्या-बांगड्या उतरवल्या, हात हलू नये म्हणून फळीला सैलसर बांधला आणि ओरडा ऐकून धावत आलेल्या सासऱ्यांना म्हणाली, "नाना, यांना चालू द्यायचं नाही. उचलून गाडीत."

शेजारची म्हातारी माणसं जमली. कोणी दोरी आणली, कोणी ब्लेड, कोणी विष उतरवणाऱ्याचं नाव घेतलं. सायली म्हणाली, "आधी दवाखाना. परत आल्यावर काय करायचं ते करा." बयाबाईंचं वेगळंच चाललं होतं. "पाणी तापलं असंल. दोन तांबे घेते अंगावर, मंग जाऊ."

गाडी सायलीनंच चालवली, खंडेराव मागं आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिनं आधीच फोन केला होता, त्यांनी दारातच स्ट्रेचर ठेवलं होतं. सर्पविषावरचं औषध लगेच सुरू झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, "औषध चालू आहे, पण श्वास कमी पडायला लागला तर पुढची सोय नाशकात. आत्ताच निघा." अँब्युलन्समध्ये खंडेराव आईच्या उशाशी बसला, सायली पुढं. ती म्हणाली, "खंडू, पापण्या उघडंनात रे." थोड्या वेळानं तिचं बोलणं जड झालं, मग नुसता घोगरा आवाज, मग तोही नाही. तिचा चेहरा इतका स्वस्थ दिसत होता, की खंडेरावाला वाटलं, संपलं.

नाशकात गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टर तृप्ती गावित यांनी तिला ताब्यात घेतलं. तिशीच्या आसपासची बाई, बुटकी, आवाज हळू. मूळची सुरगाण्याची. त्यांनी आजींना तपासलं, तोंडावर मास्क धरला आणि हवेची रबरी पिशवी हातानं दाबायला लागल्या. दाबता दाबताच दारात उभ्या खंडेरावाला म्हणाल्या, "छातीचे स्नायू विषानं लुळे पडतायत. घशात नळी घालून मशीन लावावं लागेल. लगेच."

खंडेरावाच्या तोंडून शब्द निघाला तो "नाय" असा.

डॉक्टरांचा हात थांबला नाही, पण मान वर झाली. "नाही?"

"मशीन नाय. मी शपथ घेतलीये."

सायलीला हे ऐकून धक्काच बसला. दोन तास ती एकेका मिनिटासाठी जिवाचं रान करत होती, आणि आता दारात येऊन हे! "नाना, अहो काय बोलताय?" एवढंच तिला म्हणता आलं. तेवढ्यात, फोन मिळताच द्वारकेहून रिक्षा करून निघालेली रंगूबाई येऊन पोचली. तिनं भावाचं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"बरोबर बोलतोय तो," रंगूबाई म्हणाली. "बेल-भंडारा उचललाय त्यानं."

"आत्या, आजींना साप चावलाय. हे वेगळं आहे."

"पुतळामावशीला अर्धांगाचा झटका आला, तवा पण आसंच म्हणले व्हते. चार दिवस म्हणले, चार दिवस! मी व्हते तिथं, सायली. तिचे हात बांधलेले मी पाह्यलेत. ती डोळ्यांनी विनवायची मला. तुम्ही कोणी नव्हते." रंगूबाईला कोणी अडाणी म्हणू नये. तिच्या आईनं आयुष्यात एकच गोष्ट ठामपणे मागितली होती, आणि ती आयत्या वेळी मोडली जाऊ नये म्हणून ती आली होती. मग ती हुंदका आवरत भावाला म्हणाली, "मोहिनीला फोन कर. कपाटातलं लुगडं काढून ठेव म्हणावं."

खंडेराव भिंतीला टेकला. एका बाजूला सून, जिनं आईला इथवर जिवंत आणलं. दुसऱ्या बाजूला बहीण, जी शब्दाला साक्ष होती. आणि वर खंडोबा. शब्द पाळावा तर आई जाते, मोडावा तर आईचंच मागणं पायाखाली घातलं असं होतं. आणि मशीन लावूनही ती पुतळामावशीसारखीच पडून राहिली तर? तर मग दोन्हीकडून गेलं. आयुष्यभर लोकांच्या भांडणात निवाडे दिलेला हा माणूस स्वतःच्या आईपाशी येऊन पार अडाणी झाला.

"डॉक्टर," त्यानं विचारलं, "किती दिवस ठेवावं लागंल?"

"विषाचा जोर उतरेपर्यंत. बहुतेक दोन-तीन दिवस, कधी जास्त. विष उतरलं की श्वास त्यांचा त्या घेतील."

"खात्री देता?"

"नाही देत. पण तुमच्या मावशींचा मेंदू गेला होता. यांचा जागा आहे. एवढं मात्र मी खात्रीनं सांगते." त्या पिशवी दाबत राहिल्या. "शपथेला मी हसत नाही, नाना. आमच्याकडेही गावदेवाला दिलेला शब्द मोडत नाहीत. म्हणून तुम्हाला विचारतेय. पण ज्यांना शब्द दिला, त्यांनाच विचारा ना. त्या ऐकतायत."

"कोण?"

"आजी. पापण्या उघडत नाहीत म्हणून तुम्हाला बेशुद्ध वाटतायत. या विषात माणूस शुद्धीवर असतो. मघापासून तुम्ही जे बोलताय ते सगळं त्यांनी ऐकलंय."

रंगूबाईनं तोंडावर पदर दाबला. लुगड्याचं आठवलं असावं. अख्ख्या घरानं बाईच्या उशाशी उभं राहून तिच्या जिवाचा निवाडा मांडला होता, आणि तिलाच विचारायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बोलता येणार नाही त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "बोटांत जोर उरला असेल तर हात दाबतील. पटकन या. मी फार वेळ थांबणार नाही."

खंडेराव आत गेला. आईचा डावा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला आणि कानाशी वाकला. "आई, मी खंडू. तुझा सवास कमी पडतोय. दोन-तीन दिसांसाठी मशीन लावायचं म्हणत्यात. पुतळामावशीवानी नाय. विष उतरलं की काढणार. तू म्हणशील तसं. मशीन लावायचं आसंल तर माझा हात दाब. फक्त दाब आई, जरासा."

तो थांबला.

हात निपचित होता. कष्टानं खरबरीत झालेला, ओळखीचा, गरम हात. त्याच्या बोटांना कुठं काही जाणवलं नाही. "आई," तो पुन्हा म्हणाला. काही नाही. पिशवीचा आवाज तेवढा येत होता. 'हो' आलं नाही म्हणजे 'नाही'च झालं, असा सरळ हिशोब त्याच्यासारख्या माणसानं मांडायला हवा होता. तो आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मग त्याला एकदम आपण इथं का आलोय ते कळलं. तो विचारायला आलाच नव्हता. तो हो ऐकायला आला होता.

"दाबला," तो म्हणाला.

"दाबला?" दारातून रंगूबाई.

"दाबला, आक्का. लावा मशीन."

डॉक्टर तृप्तींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि काही न विचारता नळी घ्यायला वळल्या.

"डॉक्टर, एकच," खंडेराव म्हणाला. "तिचे हात बांधू नका."

"हात हलायला लागले की त्या नळी ओढतील, नाना. मग कोणीतरी सतत हात धरून बसायला लागेल."

"आम्ही बसू."

आणि बसले. दवाखान्यानं एका वेळी एका माणसाला आत सोडायचं कबूल केलं आणि घरानं पाळी लावून घेतली. मोहिनी छाटणी मजुरांवर टाकून आली. शेखर सुरतेहून आला तो अंगावरच्या कपड्यांनिशी खुर्चीत बसला. रंगूबाई हात धरून आईला गावभरच्या बातम्या सांगायची, कोणाचं लग्न मोडलं, कोणाची सून वेगळी निघाली. तिला आता पक्कं माहीत होतं की आई ऐकतेय, त्यामुळं बातम्या निवडून सांगायची. खंडेरावाची पाळी आली की तो मात्र गप्प बसायचा.

तिसऱ्या दिवशी पापण्या हलल्या, मग बोटं, मग त्या बोटांनी रंगूबाईचा अंगठा असा काही पकडला की ती ओरडली. डॉक्टर हसत म्हणाल्या, "आता काढायची वेळ झाली." नळी निघाली. बयाबाईंनी खोकून खोकून घसा मोकळा केला, सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि खरखरत्या आवाजात पहिली गोष्ट विचारली ती अशी, "चुलीखालचा जाळ काढला व्हता का कोणी?"

घरी आल्यावर आठवडाभर माणसांची रीघ होती. बयाबाई ओट्यावर लोडाला टेकून बसायच्या आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायच्या. नाग रोज वीतभर वाढत होता. रंगूबाई मुक्कामालाच होती. तिला त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "माझं लुगडं काढायला सांगत व्हतीस गं, मी जित्ती आसताना!" रंगूबाई लाजून हसली, रडली, आणि पुन्हा हसली. सौर बंबाचं पाणीही आता बयाबाईंना चालायला लागलं. गोवऱ्यांचा ढीग शेखरनं मोडून टाकला होता.

एका दुपारी सायलीनं विषय काढलाच. "आजी, पुढचं नीट सांगून ठेवा बरं. मशीन नको म्हणजे तुम्हाला नेमकं काय नको होतं?"

बयाबाई म्हणाल्या, "मशीनचं काय लोखंड ते. हात बांधल्यालं नको व्हतं गं. आन् जवळ कोणी नाय, आसं मरण नको व्हतं. बरं व्हणार आसंल तर लावा की काय लावायचं ते. नाय व्हणार म्हणले तर घरी आणा. आन् मला कळत आसंल तवर मला इचारा." सायलीनं ते शेखरला सांगितलं, मोहिनीला सांगितलं, रंगूबाईला तिथल्या तिथं म्हणून दाखवायला लावलं. जे चंपाषष्ठीला व्हायला हवं होतं ते आता झालं, आणि कोणाला भंडारा उचलावा लागला नाही.

खंडेराव हे सगळं आतून ऐकत होता. घरात आनंद होता, त्यालाही होता, आईला चहा पिताना पाहिलं की त्याचा ऊर भरून यायचा. पण देवघरात गेल्यावर हात भंडाऱ्याच्या वाटीपर्यंत जायचा आणि मागं यायचा. शब्द मोडला, आणि वर आईच्या नावावर खोटं बोललो. लोक येऊन म्हणायचे, "खंडेराव, म्हातारीनं हात दाबून सांगितलं म्हणे! काय जिगर!" तो नुसती मान हलवायचा.

त्या संध्याकाळी बायका स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा तो ओट्यावर आईच्या पायाशी येऊन बसला.

"आई, तुला एक सांगायचंय."

"सांग."

"तवा दवाखान्यात तू माझा हात दाबला नव्हतास."

"नव्हता," बयाबाई म्हणाल्या.

"तुला ठावं हाय?"

"मला ठावं नसंल तर कोणाला? तू इचारलंस, मी जीव खाऊन जोर केला. बोट हलंना. तू पुन्हा आई म्हणलास, पुन्हा जोर केला. नायच. आन् मंग तू डाक्टरला म्हणलास, दाबला."

"मी खोटं बोललो. शपथ मोडली. तू नाय म्हणतीस का काय, ते मला ठावं नव्हतं. तरी बोललो."

बयाबाईंनी डसलेला उजवा हात, अजून सुजलेला, हळूच उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"येड्या, मला त्या वक्ताला सापाचं भ्या नव्हतं, मशीनचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला तुझं भ्या वाटत व्हतं. म्हणलं, ह्ये माझं शब्दाचं पक्कं लेकरू. ह्ये आता शपथ पाळतंय का काय!"